ईमेलमधली पत्त्यांची यादी अख्खी बाहेर काढून मिळाली पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ईमेलचा प्रोग्राम किंवा सेवा बदलताना आपल्या पत्त्यांची यादी देवनागरी नावांसकट, टिपांसकट आणि गटांसकट जशीच्या तशी बाहेर काढून मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला जावा, अशी माझी मागणी आहे. यात पत्र लिहिण्यासारखे काय, असे कोणाला वाटेल. म्हणून आमच्याकडे काय घडले ते आधी सांगते.

मिरजेत आम्ही काही जण बरीच वर्षे रक्तदात्यांचे एक छोटे मंडळ चालवतो. मी त्याची चिटणीस. मिरज हे दवाखान्यांचे गाव. जत, कवठेमहांकाळ, तासगाव इकडून तर रुग्ण येतातच, पण सीमेपलीकडून, अथणी, कागवाड, चिकोडी, विजयपूर भागातूनही येतात. दातेही तसेच दोन्हीकडचे आहेत. त्यामुळे आमच्या यादीत काही नावे मराठीत, काही कन्नड लिपीत आणि काही इंग्रजीत आहेत. ज्याने जसे सांगितले तसे आम्ही लिहून घेतले, कारण फोनवर माणसाला त्याच्या नावाने नीट हाक मारता आली पाहिजे, यावर आमच्या अध्यक्षांचा कटाक्ष असतो.

प्रत्येक नोंदीत नाव, दोन-तीन फोन नंबर, ईमेल, घरचा पत्ता, रक्तगट आणि शेवटचे रक्तदान कधी केले ती तारीख असते. शिवाय टिपेच्या चौकटीत आमच्या रोजच्या कामाच्या गोष्टी असतात. ‘रात्री फोन चालेल.’ ‘आधी सासऱ्यांच्या नंबरवर बोलावे.’ ‘कारखान्याचा हंगाम सुरू असताना नको.’ ‘सुईची भीती आहे, कोणीतरी सोबत बसावे.’ ईमेल लागतो तो शिबिरांची पत्रे पाठवायला, प्रमाणपत्रे द्यायला, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांशी आणि कॉलेजांतल्या एनएसएसच्या प्राध्यापकांशी बोलायला. तातडीच्या वेळी आम्ही फोनच करतो, पण फोन कोणाला करायचा ते त्याच यादीतून शोधतो.

ही यादी मंडळाच्या संगणकावर एका जुन्या मेल प्रोग्राममध्ये होती. त्याचे अपडेट येणे बंद झाले, म्हणून कार्यकारिणीने नवी ईमेल सेवा घ्यायचे ठरवले. आमच्यातलाच एक तरुण कार्यकर्ता संगणकाचे क्लास घेतो. त्याने रीतसर जुन्या प्रोग्राममधून यादी एक्सपोर्ट केली आणि नव्या सेवेत इम्पोर्ट केली. काम यशस्वी झाल्याचा संदेश आला. जुन्या यादीत जितकी माणसे होती तितकीच नव्या यादीत दिसली. इतके पाहून कोणाचेही समाधान झाले असते.

पुढे एका रात्री अथणी तालुक्यातल्या एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवे झाले. या गटाची माणसे आपल्याकडे मुळातच थोडी. नव्या यादीत ‘ओ निगेटिव्ह’ दात्यांचा आम्ही केलेला गट शोधला तर तो नव्हताच. टिपेत शोधावे, तर टिपाही आलेल्या नव्हत्या. माणसांची नावे होती, पण कोणाचा रक्तगट कोणता हे कुठेच नव्हते. आमच्या अध्यक्षांनी हट्टाने चालू ठेवलेल्या कागदी रजिस्टरमुळे दाता सापडला आणि रक्त वेळेत पोहोचले. रजिस्टर नसते तर काय झाले असते, या विचाराने मी बराच काळ अस्वस्थ होते, आणि त्यातूनच या विषयाच्या मागे लागले.

पत्त्यांची यादी एका प्रोग्राममधून दुसरीकडे नेण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला सीएसव्ही. ही साधी अक्षरांची फाइल असते, एका ओळीत एक माणूस आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. २००५ साली तिचे नियम लिहून काढले गेले, पण रकान्यांना कोणती नावे द्यायची हे त्यांत नाही. त्यामुळे आउटलुक या मेल प्रोग्रामची सीएसव्ही वेगळी आणि गूगलची वेगळी. आउटलुकच्या फाइलीत ईमेलला तीनच रकाने असतात. थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्यांत तर दोनच पत्ते मावत. ज्या रकान्याचे नाव समोरच्या प्रोग्रामला ओळखता येत नाही तो रकाना बहुतेक वेळा गुपचूप गाळला जातो. घेणाऱ्या प्रोग्रामने ‘हे आम्हाला कळले नाही, कुठे ठेवू’ असे विचारायला हवे. काही प्रोग्राम विचारतात, बरेच विचारत नाहीत. माझा खरा राग या गप्प राहण्यावर आहे.

दुसरा मार्ग व्हीकार्डचा, म्हणजे प्रत्येक माणसाचे एक कार्ड असलेल्या फाइलीचा. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या संयुक्त गटाने १९९० च्या दशकाच्या मध्याला तो आणला. १९९६ मध्ये २.१ ही आवृत्ती आली, १९९८ मध्ये ३.०, आणि २०११ मध्ये ४.०. त्यात एका माणसाला हवे तितके नंबर आणि हवे तितके ईमेल देता येतात, टीप ठेवता येते, वर्गवारी ठेवता येते. म्हणजे आमच्यासारख्यांना लागणारे जवळजवळ सगळे त्यात आहे. रक्तगटासाठी ठरीव जागा नाही, पण टिपेत तो बिनधोक मावतो. अडचण इतकीच की प्रत्येक प्रोग्राम या नियमांतले आपल्याला सोयीचे तेवढे पाळतो. गट कसा लिहायचा याची पद्धत ४.० मध्ये आहे, पण ॲपलची त्याआधीपासूनची स्वतःची वेगळी पद्धत आहे आणि पुष्कळ प्रोग्रामना दोन्ही समजत नाहीत. डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकला शेकडो नावांची एकच व्हीसीएफ (म्हणजे व्हीकार्डची) फाइल दिली, तर त्यातले पहिले नाव तेवढे आत येते.

मराठी नावांचे काय होते ते मात्र जरा सविस्तर सांगायला हवे, कारण याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, वेलांटी असो की पाय मोडण्याची खूण, यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरे, घेते. व्हीकार्डच्या १९९६ च्या आवृत्तीत अशी अक्षरे सांकेतिक रूपात लिहितात आणि त्यात एका बाइटला तीन चिन्हे लागतात. म्हणजे नुसता ‘म’ लिहायला ‘=ई०=ए४=एई’ अशी नऊ चिन्हे झाली. ‘मल्लिकार्जुन’ या आमच्या भागातल्या अगदी नेहमीच्या नावात देवनागरीची बारा चिन्हे आहेत, तेव्हा त्या एका नावाला एकशे आठ जागा हव्यात. पण या लिखाणात एक ओळ शहात्तर चिन्हांहून लांब असू नये असा नियम आहे. त्यामुळे ओळ मध्येच मोडते आणि शेवटी बरोबरचे एक चिन्ह टाकून ‘पुढे चालू’ असे सांगितले जाते. वाचणाऱ्या प्रोग्रामने ते ओळखून दोन ओळी जोडल्या तर ठीक. नाही जोडल्या तर मल्लिकार्जुन अर्ध्यावर तुटतो आणि उरलेले नाव कचरा समजून टाकून दिले जाते. इंग्रजीत लिहिलेल्या ‘जॉन’चे असे काही होत नाही, कारण त्याला हे रूपांतर लागतच नाही. अनेक अँड्रॉइड फोन कॉन्टॅक्टची फाइल आजही याच जुन्या आवृत्तीत काढून देतात. ४.० आवृत्तीने सगळे यूटीएफ-८ मध्येच लिहायचे असे बंधन घातले, आणि त्याने हा प्रश्न मुळातूनच सुटतो. ती आवृत्ती येऊन दशक उलटले. मराठी माणसाच्या नावासाठी ती वापरायला अजून काय हवे आहे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की आणखी वेगळेच नुकसान होते. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे याची खूण फाइलीच्या सुरुवातीला नसेल, तर एक्सेल तिला पाश्चात्त्य अक्षरांची फाइल समजू शकते. मग प्रत्येक मराठी चिन्हाच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह आणि पुढे भलतेच काही, अशी माळ दिसते. ही माळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तशीच सेव्ह केली तर मूळ नाव परत आणणे फार अवघड. फोन नंबरचेही तेच. +९१ लावलेला नंबर एक्सेलला बारा आकडी संख्या वाटते, तो अधिकचे चिन्ह काढून टाकतो आणि ‘९.१९ई+११’ असे दाखवतो. ते तसेच पुन्हा सीएसव्हीत सेव्ह झाले की पुढचे आकडे कायमचे गेले.

तारखांनी तर आम्हाला सगळ्यांत जास्त घाबरवले. पुरुषाने दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रीने चार महिन्यांचे अंतर ठेवायचे असते. आमच्या यादीत ०३/०७ म्हणजे तीन जुलै. अमेरिकी पद्धतीच्या प्रोग्रामला तीच तारीख सात मार्च वाटते. म्हणजे जुलैत रक्त दिलेल्या बाईंना ऑगस्टमध्ये पुन्हा बोलावले जाऊ शकते. रक्तपेढीत आधी हिमोग्लोबिन तपासतात आणि प्रश्नही विचारतात म्हणून धोका टळतो, पण कामावरची रजा टाकून, एसटीने आलेल्या बाईंना दारातून परत पाठवणे आम्हाला शोभत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली तर हा गोंधळ होत नाही. आमच्या मंडळात आता सगळ्या तारखा तशाच लिहितो.

श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतींच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या अजून कित्येक संस्थांत पडून आहेत. त्यात दिसायला मराठी असते, पण फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती निरर्थक चिन्हे होतात. अशा यादीचे आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करावे आणि मगच ती हलवावी. दोन्ही कामे एकदम करू नयेत. चूक नक्की कुठे झाली ते मग सापडत नाही.

आता मागणीविषयी. मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. १९०० वर एसएमएस करायचा, त्या वेळी एकोणीस रुपये भरायचे आणि काम होत असे. कंपन्यांनी आपणहून ती दिली नाही, नियामकाने द्यायला लावली. ज्याच्या हातात एकच नंबर आहे त्याला हा हक्क मिळाला. मग ज्याच्या यादीत शेकडो माणसांचे नंबर आहेत त्याला ती यादी धड हलवता येण्याचा हक्क का नसावा?

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमावलीच्या विसाव्या कलमाने हा हक्क दिला आहे. माणसाने स्वतः दिलेली माहिती त्याला नीट मांडलेल्या, सर्रास वापरात असलेल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळाली पाहिजे. या कलमाचे मार्गदर्शन लिहिताना तिथल्या नियामकांनी उदाहरणच ईमेलमधल्या संपर्कयादीचे घेतले आहे, एखाद्याला लग्नाच्या निमंत्रणांची यादी करायला ती हवी असेल म्हणून. ज्यांच्याकडे लग्नाच्या यादीचा इतका विचार होतो, त्यांच्याकडून रक्तदात्यांच्या यादीसाठी आपण काही शिकावे.

आपल्याकडे हे कोणाला सुचलेच नव्हते, असेही नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात हा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यात हा हक्क उरला नाही. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला लावण्याचा हक्क आहे. उचलून दुसरीकडे नेण्याचा नाही. सांगलीच्या खासदारांनी आणि महाराष्ट्रातल्या इतर खासदारांनी तो कायद्यात परत आणण्यासाठी संसदेत प्रश्न विचारावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. त्यासोबत भारतात सेवा देणाऱ्यांसाठी एक स्पष्ट अट हवी. यादी यूटीएफ-८ मध्ये द्यावी, भारतीय लिप्यांतली नावे तुटू नयेत, आणि आत येताना जे जे गळले त्याची यादी पडद्यावर दाखवावी. ही शेवटची अट पाळायला फारसा खर्चही येणार नाही. आमच्याकडे तेवढे जरी घडले असते तरी दुसऱ्या दिवशीच सगळे लक्षात आले असते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वाचनालये, माजी विद्यार्थी संघ, भजनी मंडळे, सोसायट्या अशा सगळ्यांना काही सांगावेसे वाटते. यादी हलवण्याआधी खोट्या नावांची एक छोटी यादी करून तीच आधी हलवून पाहावी. त्यात एक लांब मराठी नाव असावे, एक तीन नंबरवाला माणूस असावा, एकाच्या पत्त्यात स्वल्पविराम असावा, म्हणजे रकाने सरकून पिनकोड फोनच्या जागी जातो की नाही ते कळते. एकाला लांबलचक टीप द्यावी आणि दोघांना एका गटात टाकावे. ही खोटी माणसे पलीकडे धड पोहोचली तर बाकीचे पोहोचतील. केवळ संख्या जुळली म्हणून खात्री मानू नये. शक्य तिथे व्हीकार्ड वापरावे. सीएसव्ही वापरायचीच असेल तर ती एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नये, आतल्या डेटा मेनूतून मागवावी आणि फोनचा रकाना ‘टेक्स्ट’ ठरवावा. मेल लिहिताना जे पत्ते आपोआप समोर येतात ते सगळे आपल्या यादीत असतातच असे नाही, पुष्कळदा ते वेगळे साठवलेले असतात आणि एक्सपोर्टमध्ये येत नाहीत. तेही आधी यादीत घालून घ्यावेत. आणि नवीन यादी रोजच्या कामात पारखून होईपर्यंत जुना संगणक कोणाला देऊन टाकू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगते. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात फुकट बदलून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर आपली यादी कधीही चढवू नका. यादीतले नंबर आपले नसतात. ‘गरज पडली तर हाक मारा’ म्हणून त्या माणसांनी ते विश्वासाने दिलेले असतात. कोणाचा रक्तगट काय, बाई घरी एकट्या कधी असतात, हे आमच्या टिपांतून कोणालाही समजू शकते. अशी माहिती अनोळखी ठिकाणी गेल्यावर ती परत मागण्याची सोय नाही. म्हणूनच तर प्रोग्राममध्येच सरळ, पूर्ण एक्सपोर्ट हवा. तो नसतो तेव्हाच लोक असल्या वेबसाइटकडे वळतात.

आमच्या तरुण कार्यकर्त्याने जुन्या संगणकावरून बहुतेक टिपा आणि रक्तगट पुन्हा मिळवले आहेत. काही कन्नड नावे मात्र अर्धीच हाती लागली. ती आम्ही दात्यांना फोन करून, अक्षर-अक्षर विचारून भरतो आहोत. वर सांगितली तशी खोट्या नावांची चाचणीची फाइलही त्याने केली आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांतली, व्हीकार्ड आणि सीएसव्ही अशा दोन्ही स्वरूपांत. मिरज-सांगली परिसरातल्या ज्या संस्थांना ती हवी असेल त्यांनी आमच्या कोणत्याही रक्तदान शिबिरात पेनड्राइव्ह घेऊन यावे, तिथल्या नोंदणीच्या टेबलावर फाइल मिळेल.

आपली,
चिटणीस, एक रक्तदाता मंडळ,
मिरज